स्पेनची लाल आणि आमच्या सरांचं नाक

नोकरीच्या पहिल्या दिवशी सर माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं: "बाय, तू आधी आंघोळ करून ये."

मी परभणीकडची. एम.एस्सी. करून तळोज्यात सुगंधी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले होते. नवा ड्रेस, नवी पर्स आणि मावसबहिणीनं भेट दिलेला बॉडी स्प्रे सढळ हातानं मारलेला. सर माझ्यापासून चांगले दहा फूट लांब, भिंतीला पाठ लावून उभे होते. मधे साप निघालाय असा चेहरा. त्यांनी ड्रॉवरमधून कपडे धुवायच्या बिनवासाच्या साबणाची वडी काढली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवली. "हात, मान, कानाच्या मागं. लेडीज बाथरूम जिन्याखाली हाय. वास गेला की ये, मग नाव सांग."

मी रडकुंडीला येऊन जिन्याखाली गेले. अर्ध्या तासानं परत आले तर टेबलावर माझ्यासाठी चहा झाकून ठेवलेला होता. सरांनी एकदा हवेत हुंगलं आणि म्हणाले, "हां. आता दिसायला लागलीस." त्या दिवशी मी ठरवलं होतं की या माणसाच्या हाताखाली महिनाभरही टिकायचं नाही. पुढं अकरा वर्षं टिकले.

त्यांचं काम म्हणजे वास घेणं. ऐकणाऱ्याला गंमत वाटते. पण साबण, अगरबत्ती, केसांचं तेल यांत जो सुवास असतो त्याचा कच्चा माल आमच्याकडे पिंपांनी तयार व्हायचा, आणि गेटबाहेर पडण्याआधी प्रत्येक पिंपाला पाच जणांच्या नाकाखालून जावं लागायचं. कागदाची अरुंद पट्टी मालात बुडवायची, हवेत हलवायची आणि हुंगायची. आम्ही त्याला पॅनल म्हणायचो. पॅनलचे मुख्य सर. चार नाकं हो म्हणाली आणि सरांचं नाही म्हणालं, तर पिंप जागेवरून हलायचं नाही. शेजारच्या खोलीत मोठं परदेशी मशीन होतं, तेही मालाचे आकडे छापून द्यायचं. सर ते आकडे आदरानं वाचायचे आणि बाजूला ठेवायचे. "मशीन हुशार हाय," म्हणायचे, "पण त्याला सर्दी झालेली हाय."

एकदा युरोपला जायचा माल तयार होता. मशीन पास म्हणालं, आम्ही चौघे पास म्हणालो, ट्रक गेटवर घरघरत उभा. सरांनी पट्टी नाकाशी नेली आणि म्हणाले, "फेल. यात रबर हाय." मॅनेजरसाहेब वरच्या मजल्यावरून पळत खाली आले. रबर कुठून येणार, कारखान्यात रबर वापरतच नाहीत, तुम्ही म्हातारे झालात, काय काय बोलले. सर पायऱ्या उतरले, पंपाशी गेले आणि बोट दाखवलं. आदल्या रात्रीच कुणीतरी पंपाला नवीन रबरी चकती बसवली होती. ट्रक रिकामा परत गेला. मॅनेजरसाहेब सरांशी आठवडाभर बोलले नाहीत, पण तेव्हापासून स्वतःच्या घरी आणलेला आंबा कापायच्या आधी सरांना दाखवायला लागले.

सर खाडीकाठच्या आगरी गावातले. वडील मिठागरात मीठ ओढायचे. गावाच्या तीन बाजूंना आता टॉवर आहेत आणि सर स्वतः कामोठ्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन राहायचे. पण बोलता बोलता तोंडातून गाव बाहेर यायचं. शिकवायचेही तसंच. मी पट्टी हुंगून घाईघाईनं रसायनाचं नाव ठोकलं की कपाळाला आठी. "नाकाला नाव विचारू नको बाय, गाव विचार. हा वास तुला पहिल्यांदा कुठं भेटला? कोनाच्या घरी? तिथं जाऊन उभी रहा, नाव आपोआप येतं." मला सुरुवातीला हे बुवाबाजीसारखं वाटायचं. मग एक दिवस एका पट्टीत मला माझ्या आजोळच्या शाळेतला खडू आणि ओला फळा भेटला, आणि मी चुपचाप शिष्य झाले.

या नाकासाठी सरांनी जे सोसलं ते एखाद्या पैलवानानं शरीरासाठी सोसावं. सोमवार ते शनिवार कच्चा कांदा बंद. तंबाखू, पान, सुपारी कधीच नाही. दाढीला साधं पाणी. आणि दारू? थेंब नाही. आगऱ्याच्या घरात जन्मून दारूला न शिवणं म्हणजे काय, हे आगऱ्यालाच विचारावं. स्वतःच्या हळदीला, सगळं गाव रंगात आलेलं असताना, नवरदेव लिंबूसरबत पीत बसला होता. त्यांच्या मामानं हा अपमान मानला आणि वर्षभर भाच्याशी बोलला नाही. कारखान्यात त्यांना पाठीमागं 'माळकरी' म्हणायचे. माळकरी आठवड्यातून सहा दिवस मासे खायचा, ते सोडा.

असं हे नाक. आणि ते गेलं.

त्या साथीच्या वर्षी सगळ्यांनाच ताप आला, सरांनाही आला. तीन आठवड्यांनी परत आले तेव्हा बारीक झाले होते, पण चाल तीच. मला मात्र एक नवल वाटलं. पट्टी हुंगली की ते आधी माझ्याकडे बघायला लागले. "बाय, तुझं काय म्हनणं?" सात वर्षांत सरांनी स्वतःचं सांगायच्या आधी माझं मत विचारलेलं हे पहिलंच. दोन आठवडे मी हवेत होते. सरांना माझी किंमत कळली, असं आईला फोनवर सांगितलंसुद्धा. मी म्हणायचे पास, सर म्हणायचे, "मलाबी तसंच वाटतं." मग एका दुपारी कॅन्टीनमध्ये ताक नासलेलं होतं. लांबूनच आंबूस वास मारत होता, सगळ्यांनी पेले ठेवून दिले. सरांनी दोन पेले रिचवले आणि मिशा पुसल्या.

मी पुढं जे केलं त्याची मला आजही लाज वाटते, पण सांगते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या हातात कोरी पट्टी दिली. कशातही न बुडवलेली. सरांनी ती हलवली, डोळे मिटले, हुंगली. बराच वेळ हुंगली. मग म्हणाले, "बरं हाय. पास करायला हरकत नाय."

"सर, ती कोरी आहे," मी म्हणाले.

त्यांनी पट्टीची बारीक घडी करून खिशात टाकली, उठले आणि सरळ मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं, त्यामुळे साऱ्या मजल्यानं ऐकलं: "साहेब, माझं नाक फेल हाय. मला खुर्चीवरून काढा. दोन आठवड्यांत मी पास केलेला सगळा माल परत तपासा." माल तपासला. सगळा ठीक निघाला, कारण तो खरं तर मीच तपासला होता. पण सरांना खाली कागदपत्रांच्या खोलीत टेबल मिळालं आणि त्यांच्या खुर्चीवर तात्पुरती मी. मॅनेजरसाहेब मनानं वाईट नव्हते. त्यांनी मुदत दिली. मार्चअखेर पॅनलची परीक्षा द्या, पास झालात तर खुर्ची तुमची. नाही झालात तर निवृत्तीपर्यंतची चार वर्षं गोदामात पिंपं मोजायची, आणि खुर्ची कायमची माझी.

डॉक्टरांनी सरांना व्यायाम सांगितला होता. लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब, चार बाटल्या रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या. सरांनी स्वतःचे चार जास्तीचे घातले: सुके बोंबील, रॉकेल, मिठागरातला चिखल आणि काकूंच्या हातचा लाल मसाला. काकू म्हणजे त्यांच्या मंडळी. मी कामोठ्यातच दोन गल्ल्या सोडून राहायचे, म्हणून रविवारी सकाळी तिकडं चक्कर व्हायची. डिसेंबर उजाडला तेव्हा सर म्हणायला लागले की लवंग येते, बोंबील येतो, रॉकेल पण येतं. काकूंनी देवापुढं नारळ फोडला. मला आनंद झाला, आणि आनंदाच्या जरा खाली खुर्चीची काळजी पण झाली. खोटं कशाला बोलू.

पण सर स्वतः खूश नव्हते. एका रविवारी त्यांनी लवंगेची बाटली माझ्यापुढं धरली. "बाय, ह्यात लवंग हाय हे मला ठाव हाय. झाकन उघडलं की डोकंच वरडतं, लवंग लवंग. नाक बोलतंय का गप बसलंय ते कलनार कसं? डोकं लई लबाड हाय. नाकाची सही ते स्वतःच ठोकतं. त्या कोऱ्या पट्टीला झालं ना तसंच."

"मग डोळे बांधा. मी वेगवेगळं हुंगायला देते."

"काय देशील? ह्या घरातलं, लॅबमधलं, बाजारातलं, सगलं डोक्यात भरलेलं हाय. अंदाजानं निम्मं सांगीन." मग बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "डोक्याला अजिबात ठाव नाय असं काय तरी पायजे. जन्मात एकच दार मी बंद ठेवलं होतं. आता तेच उघडावं लागनार."

काकूंना वाटलं, नवरा संन्यास घेतोय. दार दारूचं होतं.

आम्ही सीबीडी बेलापूरला वाइनच्या दुकानात गेलो. मुद्दाम तिकडं, कामोठ्यात कुणी बघेल म्हणून. सर दुकानात शिरले ते छत्री तोंडापुढं धरून, डिसेंबरात. दुकानातल्या पोरसवदा माणसाला म्हणाले, "लाल पायजे. नाशिकची नको, नाशिकची द्राक्षं मी खाल्लेली हायत. लांबच्या देशाची, आनि त्यातली साधी." तो फ्रान्सची घ्या म्हणाला, नाताळचं पॅकिंग आहे म्हणाला. सरांनी हात हलवला. "अवो, ती आम्ही गुळणी करून थुंकनार."

तो पोरगा या धंद्यात खूप काही बघितलेला असावा. जराही न दचकता त्यानं खालच्या फळीवरून एक बाटली काढली. "मग स्पेनची न्या अंकल. सस्त्यात मस्त. आमचे रेग्युलरवाले हीच नेतात." लेबलावर टेकडी आणि टेकडीवर एक गाढव. सरांना गाढव आवडलं. बरोबर मी एक नाशिकची लालही घेतली, कारण आमच्या कामाची जी पद्धत आहे, तिला दोन माल लागतात.

ती पद्धत अशी. तीन ग्लास ठेवायचे. दोघांत एकच माल, तिसऱ्यात वेगळा. हुंगणाऱ्यानं वेगळा ग्लास ओळखायचा, बस. नाव नको, वर्णन नको. एकदा अंदाजानं जमेल, दोनदा जमेल. सहा फेऱ्यांत सहाही वेळा जमलं तर मात्र ते नाकच. पाच चालतात, असं पुस्तकात लिहिलंय. सर म्हणाले, "नाकाला ग्रेस मार्क नाय."

मी दर फेरीला कागद बघून सांगणार, तसे काकू स्वयंपाकघरात ग्लास भरणार. मी बाहेर आणून ठेवणार आणि खिडकीकडं तोंड करून बसणार, कारण सरांच्या मते माझं तोंड फार बोलतं. सरांच्या डोळ्यांवर पंचा बांधलेला, मांडीशी थुंकायला तपेली. पहिल्या रविवारी हा सगळा थाट मांडला, आणि सर एकेक ग्लास हुंगून, घोट तोंडात घोळवून म्हणाले, "पानी हाय का?" सहापैकी एक बरोबर. तोही चुकून.

काकूंचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीवर जळत होता. एवढी चांगली वस्तू मोरीत ओतायची? दुसऱ्या रविवारी त्यांनी उरलेली नाशिकची वाइन मटणाच्या रश्श्यात ओतली, आणि तो रस्सा खाऊन माझा उपास असल्याचं मी विसरून गेले. पुढं दर रविवारी एक बाटली गाढवाची, एक नाशिकची. गाढवाची उरलेली मी घरी न्यायचे आणि मैत्रिणींत पुण्य मिळवायचे. पण रिकाम्या बाटल्या सरांच्या कचऱ्याच्या डब्यात जायच्या. जानेवारी संपेपर्यंत सोसायटीभर झालं की माळकऱ्याची माळ तुटली. वॉचमन सरांना जिन्यात आधार द्यायला लागला. सेक्रेटरींनी एकदा बाजूला घेऊन सांगितलं की त्यांचा मेहुणा पण असाच होता, आता सुधारलाय. सरांनी त्यांचे आभार मानले. काकू म्हणाल्या, "अवो, सांगा ना त्याला खरा काय ते!" सर म्हणाले, "काय सांगू? सहापैकी दोन येतात म्हनून?"

सहापैकी दोन म्हणजे कुणालाही डोळे झाकून येतात तितके. फेब्रुवारीत एकदा तीन आले, पुन्हा दोन. त्या दिवशी त्यांनी पंचा सोडला आणि तपेली स्वतःच मोरीत रिकामी केली. मी निघाले तेव्हा दारात म्हणाले, "गोदामात पंखा हाय ना गं?" मी घरी येऊन रडले. आणि त्याच रात्री, आता खुर्ची आपलीच, हाही विचार मनात येऊन गेला. दोन्ही खरं.

मार्चचा तिसरा रविवार. पुढच्या गुरुवारी कारखान्यातली परीक्षा. काकूंनी बाजारातून मोठाल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणल्या होत्या आणि सकाळपासून मसाला वाटत होत्या. सर पंचा बांधून बसले.

पहिली फेरी. सरांनी तीनही ग्लास हुंगले आणि मधल्यावर टिचकी मारली. बरोबर. दुसरी, बरोबर. तिसरीला ते पहिल्या ग्लासाशी थांबले, परत गेले, परत आले. बरोबर. चौथीला त्यांनी ग्लास नाकाजवळ न्यायच्या आधीच हात केला. बरोबर. चार सलग याआधी कधीच आले नव्हते. खिडकीकडं तोंड करून बसलेली मी हे सगळं काचेत बघत होते.

पाचवी फेरी. सरांनी पहिला हुंगला, दुसरा, तिसरा. पुन्हा पहिला. घोट घोळवले, थुंकले, पाणी प्यायले, पुन्हा तिन्ही. आत चिंबोऱ्या खदखदत होत्या. शेवटी सरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"बाय, ह्यात वेगला कोनताच नाय."

मी हातातला कागद बघितला. तिसरा ग्लास नाशिकचा, असं माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. "सर, एक निवडावा लागतो."

"कसा निवडू? तिन्ही सख्खे भाऊ हायत."

"सर, तिसरा आहे. पाचवा चुकला."

मला सांगायला हवं की ते वाक्य म्हणताना मला आधी वाईट वाटलं, आणि त्या वाईटाच्या तळाशी काहीतरी हलकं हलकं वाटलं. सुटल्यासारखं. आपण किती हलके आहोत हे माणसाला असं कधी कधी कळतं.

सर चिडले नाहीत. त्यांनी पंचा न सोडता माझ्या दिशेनं मान वळवली. "बाय, तुझा कागद चुकला."

"कागद कसा चुकेल? मी स्वतः लिहिलाय."

"लिवला तू, वतलं तिनं. कागदाला नाक नाय." आणि त्यांच्या आवाजात ते आलं, जे मी गेले नऊ महिने ऐकलं नव्हतं. ट्रक गेटवर उभा असतानाचा आवाज. "पन्नास वेला विचार. तिन्ही ग्लासांत गाढवच हाय."

"अहो सर, नियम..."

"काकूला बोलाव."

काकू पळी घेऊनच बाहेर आल्या. मी विचारलं, "काकू, आत्ताच्या तीन ग्लासांत काय काय ओतलं?"

काकूंनी माझ्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, आणि पदरानं तोंड पुसलं. "मना काय ठाव अजून दोन पाल्या हायत त्या! चार झाल्या, मना वाटला सपला. मी नाशिकची सगली रश्श्यात वतली. मंग तू आली, तिसऱ्यात नाशिकची वत म्हनून सांगून गेली. आता काय करू? म्हटला लाल ती लाल, काय कलनार हाय त्याला? तिन्ही भरले त्या गाढवाच्या बाटलीतून." मग अगदी बारीक आवाजात, "चुकला का गो माजा?"

मग मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. माझं ते हलकं वाटणं कुठं पळालं कुणास ठाऊक, मी चक्क सरांचे दोन्ही खांदे धरून हलवत होते. कारण सहाच्या सहा बरोबर आले असते तरी मनात किडा राहिला असता: नशीब असेल, माझा श्वास बदलला असेल. पण वेगळा ग्लास आहेच, असं मी, कागद आणि नियम तिघे बजावून सांगत असताना, तो नाही म्हणायला फक्त नाक लागतं. आणि काकूंनी न ठरवता जी परीक्षा घेतली, तशी घ्यायची अक्कल आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती.

सरांनी पंचा सोडला. डोळे लाल झाले होते, पंच्यानं किंवा कशानं. काकूंना म्हणाले, "चुकला नाय. आता मना एक भरून दे. थुंकायचा नाय."

गाढवाची बाटली निम्मी उरली होती. काकूंनी सरबताचा मोठा ग्लास भरला, पण हातात देईनात. "आधी थेंब टाका. तुमच्या बापासाठी." त्यांच्यात पहिला घोट घेण्याआधी पितरांच्या नावानं थेंब जमिनीवर सोडतात. बापानं हयातभर मिठागरातून येऊन संध्याकाळी ग्लास भरला आणि पोरानं एकदाही त्याच्या शेजारी बसून ओठ लावला नाही. सरांनी बोट बुडवलं आणि तीन थेंब फरशीवर सोडले. "घे बाबा," म्हणाले, "उशीर झाला जरा."

मग प्यायले. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी पहिला घोट. लहान पोरासारखं तोंड वाकडं केलं, मग थांबले, आणि डोळे मिटले. मला वाटलं, आता नाव सांगतील. ते गावाला गेले होते. "थांब. आधी करवंदं. पिकलेली, पन डिंक लागलेली. त्याच्या मागं चिंच हाय, नवी नाय, मडक्यातली जुनी." दुसरा घोट. "मामाची होडी. उन्हात उलटी करून ठेवलेली, तिच्या पोटाखाली जाऊन आमी लपायचो. ते लाकूड." तिसरा घोट आणि हसू. "आनि शेवटाला कोनीतरी मिरी कुटतंय बघ, लांब, चार घरं सोडून." मी पण ग्लास भरून घेतला. तीन महिने ती वाइन मैत्रिणींबरोबर मी प्यायले होते, छान आहे, आंबटसर आहे, एवढंच कळलं होतं. त्या दिवशी प्यायले तर करवंदं होती, आणि खरंच चार घरं सोडून मिरी होती. काकूंनी चिंबोऱ्यांचं पातेलंच बाहेर आणून मधे ठेवलं. त्यांनीही अर्धा ग्लास घेतला, आपल्या हळदीला तुम्ही काय प्यायला होता ते आठवा, असा नवऱ्याला टोमणा मारत मारत संपवला आणि आणखी मागितला. उरलेल्या फेरीचं नावही कुणी काढलं नाही.

गुरुवारची परीक्षा सर सहज पास झाले. ते फायलीत आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी माझ्या जुन्या स्टुलावर परत गेले. वाईट वाटलं का? वाटलं, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सरांनी एक पट्टी माझ्यापुढं धरून विचारलं, "बाय, तुझं काय म्हनणं?" या वेळी नाक शाबूत असताना विचारलं होतं. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीवर मी बसले, तेव्हाही ते त्या प्रश्नाएवढं मोठं वाटलं नाही. त्यांच्या मुलानं एकदा विमानतळावरून भारी फ्रेंच बाटली आणली होती. सरांनी घोटभर घेऊन झाकण लावलं आणि म्हणाले, "श्रीमंत हाय. आपल्याशी बोलत नाय."

पण मला तो रविवार सांगून संपवायचाय, कारण तो अजून संपला नव्हता. ऊन उतरलं होतं. चिंबोऱ्यांच्या नांग्या ताटात पडलेल्या, बाटली रिकामी. वारा फिरला आणि एकदम सगळ्या इमारतीत खिडक्या आपटायला लागल्या. वरच्या मजल्यावरून सेक्रेटरींचा आवाज आला, "अरे, लावा खिडक्या, गटाराचा वास सुटलाय!" कामोठ्याला हे नवीन नाही. वारा त्या बाजूनं आला की माणसं तोंडाला रुमाल लावून आत पळतात आणि एकमेकांना विचारतात की हा कारखान्यांचा की नाल्याचा.

सर ग्लास घेऊन बाल्कनीत गेले. कठड्याला पोट लावून उभे राहिले आणि छाती भरून श्वास घेतला. एकदा, दोनदा. मी मागं उभी होते. त्यांची पाठ हलत होती, रडतायत की हसतायत ते मला मागून कळलं नाही. मग ते वर तोंड करून ओरडले, आमच्या मॅनेजरसाहेबांशीसुद्धा कधी ओरडले नव्हते इतक्या मोठ्यानं: "गटार नाय ओ सेक्रेटरी! खाडी हाय! सुकती लागली, ओहोटी! चिखल उघडा पडला, त्यात मीठ हाय, चिखलातली मासली, निवट्या, हायत, शेवाल हाय. कारखान्याचा एक थेंब नाय यात!"

वरची खिडकी धाडकन बंद झाली. समोरच्याही सगळ्या बंद होत्या, त्या अख्ख्या गल्लीत एकट्या सरांचं दार उघडं होतं. काकू पदर नाकाला लावून आल्या आणि कडीकडं हात नेत म्हणाल्या, "लावू का ओ? घान वास येतंय."

"हात लावशील तर बघ," सर म्हणाले.